गजभिये मॅडमना पत्ता विचारू नये

गजभिये मॅडमना पत्ता विचारू नये, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. नवीन माणूस आला की केळकर त्याला दोनच सूचना द्यायचा. कॉफीच्या मशीनला डावीकडून हात लावू नकोस, आणि मॅडमना पत्ता विचारू नकोस. त्यांना पत्ता ठाऊक नसे हे खरं, पण तेवढ्यानं काही बिघडत नाही. पुण्यात पत्ता ठाऊक नसलेला माणूस "पुढं विचारा" म्हणतो आणि मोकळा होतो. मॅडमना "माहीत नाही" एवढं म्हणता येत नसे. त्या म्हणत, "चला." आणि विचारणाऱ्याच्या पुढं चालायला लागत.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते नारायण पेठेत, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. कुणाच्या तरी वाढदिवसाचं जेवण तिथल्या एका खानावळीत होतं. जेवून आम्ही बाहेर पडलो. दुपारी परदेशातल्या क्लायंटबरोबर महत्त्वाचं बोलणं होतं आणि तो फोन मॅडमनीच घ्यायचा होता. तेवढ्यात हातात लग्नपत्रिका घेतलेले एक गृहस्थ समोर आले आणि कार्यालयाचं नाव सांगून म्हणाले, "कुठं आलं हे?"

"चला," मॅडम म्हणाल्या.

कार्यालय आमच्या पाठीमागं होतं. मी त्याच पेठेत वाढले, शाळेत जाता-येता त्या दारातले केळीचे खांब बघत आले. पण मी ऑफिसात तेव्हा नवी होते, आणि अनोळखी माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मी नुसती त्यांच्या मागून निघाले, संधी मिळालीच तर सांगू म्हणून. मॅडम ठाम पावलांनी नदीच्या दिशेला चालल्या होत्या. वाटेत त्यांनी एका फुलवालीला विचारलं, एका रिक्षावाल्याला विचारलं, शेवटी ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या एका आजोबांना विचारलं.

आजोबांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही ह्यांना नेताय, का हे तुम्हाला?"

"दोघं मिळून चाललो नं," मॅडम म्हणाल्या.

आम्ही पोचलो तेव्हा लग्न लागून गेलं होतं. त्या गृहस्थांनी आम्हाला काही सोडलं नाही. नुकत्याच जेवलेल्या आम्हा दोघींना आग्रहानं पंगतीत बसवलं. इकडे ऑफिसात क्लायंटनं केळकरला विचारलं, मॅडम कुठं आहेत? केळकरनं सांगितलं, एका घरच्या लग्नाला गेल्यात. "कुणाच्या घरच्या, ते त्यानं विचारलं नाही," केळकर नंतर आम्हाला म्हणाला, "म्हणून मला खोटं बोलावं लागलं नाही."

शालिनी गजभिये मूळच्या भंडाऱ्याकडच्या. वडील कारखान्यात कामाला, इंजिनियरिंग नागपूरला. पेपरातली नोकरीची पानं कॉम्प्युटरवाल्यांच्या जाहिरातींनी भरू लागली त्या दिवसांत त्या पुण्यात आल्या. मोठी बहीण साताऱ्याला नर्स होती. तिच्याकडे आठवडाभर राहून तिथून आल्या, म्हणून पुण्यात पहिलं पाऊल पडलं ते स्वारगेटला. वसतिगृहाचा पत्ता त्यांनी एका माणसाला विचारला. त्यानं चालता-चालता, न थांबता, नुसता हात उडवला.

"हात काय, कुठंही फिरते," मॅडम सांगायच्या. "त्या हाताच्या मागं मी अख्खी दुपार फिरली. तेव्हाच ठरवलं, आपल्याला कोणी विचारलं तर हात दाखवायचा नाही. सोबत जायचं."

ठरवलं ते चांगलंच होतं. फक्त त्यांना दिशा कळत नसत.

उंच, सावळ्या, तेल लावून घट्ट घातलेली लांब वेणी, खादीचा कुर्ता, खांद्याला कापडी पिशवी. मीटिंगमध्ये अगदी छापल्यासारखं मराठी किंवा इंग्रजी बोलायच्या आणि कशात मन गुंतलं की थेट भंडाऱ्याला पोचायच्या. घरून फोन आला की सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोकळ्या आवाजात "जय भीम दादा" म्हणायच्या. मी आईचा फोन आला तरी जिन्यात जाऊन कुजबुजणारी; मला त्या आवाजाचं फार अप्रूप वाटे. डब्यात लाखोळीच्या डाळीचे वडे आणायच्या आणि आमच्या वरणाला "दवाखान्याचं जेवण" म्हणायच्या. विचार करताना पेनाचं टोपण पुढच्या दातांवर वाजवायची सवय होती. त्या टकटकीवरून आम्हाला कळे की कुणाचं तरी काम परत येणार आहे.

कारण काम परत पाठवणं हेच त्यांचं काम होतं. आमची कंपनी परदेशी बँकांचे जुने प्रोग्रॅम उचलून नव्या मशीनवर बसवून द्यायची. याला आम्ही पोर्टिंग म्हणायचो. बसवलेला प्रोग्रॅम पहिल्यासारखाच वागतो ना, हे मॅडमची टीम तपासायची. एकदा एका जुन्या प्रोग्रॅममध्ये एक चूक सापडली. महिनाअखेरीला तो एक पावती दोनदा छापायचा. आमच्या मुलांनी ती उत्साहानं दुरुस्त केली, तर बँकेकडून तक्रार आली की हा आमचा प्रोग्रॅमच नाही. तिथल्या लोकांनी दुसरी पावती स्वतःच्या फायलीला लावायची पद्धत पाडली होती. मॅडमनी निकाल दिला, "चूक पण न्यायची." मुलांना वाईट वाटलं. मी तेव्हा त्या प्रोग्रॅमची माहितीपुस्तिका लिहीत होते, म्हणून मला हे वाक्य आठवतं. त्याचा माझ्या दुसऱ्या, लपवलेल्या उद्योगाशी काही संबंध असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

तो उद्योग असा. आम्ही लहान असताना टीव्हीवर 'गडकोठी' नावाची मालिका लागायची. एका डोंगरी किल्ल्यावर धान्य, दारूगोळा, दोरखंड सांभाळणारा अधिकारी, सखोपंत कारखानीस. गलमिशा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, एका कानानं बहिरा, बसायला लंगडी घोडी. दर भागात कोठीतलं काहीतरी नाहीसं व्हायचं, भांडण पेटायचं आणि सखोपंत ते सोडवायचा. "आधी मोजा, मग भांडा," हे त्याचं वाक्य आमच्या इंग्रजी शाळेतल्या मुलीसुद्धा म्हणायच्या. मालिका संपून बरीच वर्षं झाली, पण इंटरनेटवर तिच्या चाहत्यांचा एक गट होता. पुण्या-नागपुरापासून अमेरिकेपर्यंतचे लोक तिथं सखोपंताच्या नव्या गोष्टी लिहायचे. गंमत अशी, की गडावरच्या गोष्टी लवकर संपल्या आणि लोक त्याला भलतीकडे नेऊ लागले. कुणी जहाजावर, कुणी मेडिकल कॉलेजच्या मेसमध्ये. एकीनं त्याला चंद्रावरचं कोठार दिलं होतं.

तिथं 'बिननावी फेरी' म्हणून एक प्रकार होता. गोष्ट टाकायची, पण सखोपंताचं नाव घ्यायचं नाही. तिच्याबरोबर भलत्याच माणसांच्या दोन गोष्टी मिसळलेल्या असायच्या. वाचणाऱ्यांनी ओळखायचं, आपला माणूस कोणता. ओळखू आला नाही तर गोष्ट पडली.

माझी पडली होती. मी सखोपंताला सॉफ्टवेअर कंपनीत आणलं होतं. किल्ल्यांच्या जागी गळ्यातली कार्डं, बहिऱ्या कानावर हेडफोन, लंगड्या घोडीऐवजी नीट चालू न होणारी बुलेट. वाक्यही बदललं होतं: "आधी डेटा, मग डिबेट." न्यू जर्सीच्या एका बाईंनी लिहिलं, 'हे कुणी निवृत्त कर्नल असावेत. भाषा गोड आहे.' बाकीच्यांनी तेवढंही लिहिलं नाही. का पडली ते कळावं म्हणून मी ती ऑफिसात छापली आणि प्रिंटरपाशी पोचायच्या आत ते कागद मॅडमच्या टेबलावर गेले. त्यांना वाटलं, तपासायला आलेत.

तासाभरानं त्या कागद घेऊन माझ्यापाशी आल्या. समासात लाल पेनानं लिहिलेलं होतं, आमच्या कामात लिहितात तसंच. 'अपेक्षित: माणूस ओळखू यावा. प्रत्यक्ष: घोडी ओळखू आली.'

"हे तुझं आहे नं?"

मी मान हलवली. आपण दिसेनासे झालो तर बरं, असं मला वाटत होतं.

"सखोपंत का हा?"

"तुम्ही बघायचात?"

"आमच्या गल्लीत एकच टीव्ही होता. अख्खी गल्ली बसे. मला उंबऱ्यावर जागा." त्यांनी खुर्ची ओढली. "मला नाही आवडायचा तो."

"का?"

"नेहमी चुके नं. तूप गेलं की आधी बायकोवर नाव. दोरखंड गेला की जिवलग मित्रावर. जो जवळचा त्याच्यावर पहिला संशय. मग खरा चोर सापडला की तोंडातून माफीचा शब्द नाही. गुपचूप त्याच्या घरी जोंधळ्याचं पोतं पाठवे. मी म्हणे, अरे बापा, एकदा सॉरी म्हण नं."

मी तो प्रत्येक भाग पाहिला होता, काही दोनदा. हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"तू याला पोर्ट नाही केलं, सायली. तू याचे कपडे बदलून दिले."

"मग न्यायचं काय?"

टोपण दातांवर वाजलं. "नवीन मशीनवर तोच प्रोग्रॅम आहे हे मी कसं पाहते? बरोबर आकडे टाकून? बरोबर टाकलं तर कोणताही प्रोग्रॅम बरोबरच वागते. मी चुकीचं टाकून पाहते. तारखेच्या जागी नाव टाकते. अर्ध्यात वीज बंद करते. तेव्हा जे करते नं तो, ते त्याचं स्वतःचं." त्यांनी कागद माझ्या पुढ्यात ठेवले. "तुझ्या गोष्टीत याला सगळं बरोबर भेटून राहिलं. त्याच्याशी खोटं बोल. त्याला फुकटची भेट दे. कोणाच्या तरी दारात ताटकळत ठेव. मग पाहा, काय करून राहिला."

तेव्हापासून मॅडम माझ्या वाचक झाल्या. एकुलत्या एक; घरी मी गोष्टी लिहिते हे माहीतच नव्हतं, आणि गटावर माझं नाव खोटं होतं. मी लिहायचे, त्या परत पाठवायच्या. 'छान' हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. एखादी खोट दुरुस्त झाली की तिच्यापुढं 'बंद' असं लिहायच्या. तो दिवस माझा चांगला जायचा.

मी गोष्ट नव्यानं लिहिली. बुलेट गेली, हेडफोन गेला, वाक्य गेलं. आता तो कंपनीतलं सामान सांभाळणारा, खाली मान घालून चालणारा एक साधा माणूस होता. लॅपटॉप हरवतो आणि हा पहिल्यांदा संशय घेतो तो स्वतः शब्द टाकून नोकरीला लावलेल्या पुतण्यावर. मॅडमनी जेवणाच्या टेबलावर ती मोठ्यानं वाचायला घेतली. कुणाची गोष्ट, काही सांगितलं नाही. मी डब्यात बघत बसले.

लॅपटॉप हरवला तिथवर आल्या तेव्हा केळकर घास चावता-चावता म्हणाला, "आता हा पुतण्याला धरणार."

"काऊन?"

"सगळ्यात जास्त जीव त्याच्यावर आहे ना." मग तो चावायचा थांबला. "अरे, हा तर तो आहे. गडावरचा. गलमिशावाला."

"गलमिशा आहेत का यात?"

"नाहीत. पण आहेत."

माझे कान गरम झाले. मॅडमनी वर न बघता लाल पेन काढलं, पहिल्या खोटीपुढं 'बंद' लिहिलं आणि म्हणाल्या, "शेवट अजून लंगडा आहे."

शेवट दुरुस्त व्हायच्या आत मंदी आली. आमच्या मजल्यावरची एकेक रांग रिकामी होऊ लागली. मॅडमच्या टीमचं काम बंद झालं आणि त्यांना सांगण्यात आलं की एक वर्ष क्लायंटच्या गावी जाऊन राहा, त्यांची मर्जी सांभाळा. नाहीतर इथं जागा नाही. जायच्या आधी एक प्रशिक्षण होतं. टाय लावलेला एक तरुण त्यांना काचेच्या खोलीत बसवून हात कसा मिळवायचा, हवामानावर किती बोलायचं, नकार कसा द्यायचा नाही हे शिकवायचा. शालिनी हे नाव तिकडे जड जाईल, शेली म्हणा, असंही त्यानं सुचवलं. मी काचेतून बघायचे. मॅडम मान डोलवत असायच्या. टोपण वाजत नसे.

"तुम्ही बदलून जाल," मी निघायच्या आदल्या दिवशी म्हणाले. एवढं सरळ बोलणं माझ्यासाठी पुष्कळच होतं.

"बदलायलाच तर पाठवून राहिले," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून गेल्या.

तिकडून मेल यायच्या इंग्रजीत. 'हाय सायली, होप यू आर डूइंग ग्रेट!' हवा कशी आहे, टेकड्या कशा हिरव्या आहेत, सहकारी कसे मदत करतात. कुणावर चिडल्या नाहीत, कुणाचं काम परत पाठवलं असं नाही. एका मेलच्या शेवटी होतं, इथं कुणी रस्ता विचारत नाही. मी ते वाचलं आणि पुढं गेले. खाली सही होती: शेली.

गोष्टीचा शेवट मी महिनाभर घासला. माफी मागता येत नाही म्हणून तो माणूस रोज पुतण्याच्या डब्यात न बोलता आपल्या वाट्याची एक पोळी ठेवतो, आणि पुतण्या ती न बोलता खातो. पूर्ण गोष्ट मी त्यांना पाठवली आणि मग बिननावी फेरीत टाकली. फेरीत ती जवळजवळ सगळ्यांनी ओळखली. न्यू जर्सीच्या बाईंनी लिहिलं, 'पोळी वाचली आणि जोंधळ्याचं पोतं आठवलं.' मी दिवसभर मेल उघडून बघत होते. संध्याकाळी मॅडमचं उत्तर आलं. 'लव्हली स्टोरी! वेल डन!'

एवढंच. एक खोट नाही. एक 'बंद' नाही. ज्या बाईनं माझ्या स्वल्पविरामांशी भांडण काढलं होतं, तिला सगळं लव्हली वाटलं होतं. त्या संध्याकाळी फेरी जिंकल्याचा आनंद मला झाला नाही. मला वाटलं, मॅडमना पाठवलं होतं, परत येणार ती शेली. तिला मी ओळखणार कशावरून? वेणी आणि पिशवीवरून? मॅडमनीच मला शिकवलं होतं की ते कपडे आहेत.

वर्ष संपल्यावर मेल आली की शनिवारी पुण्यात आहे, सकाळी स्वारगेटहून साताऱ्याला ताईकडे जाणार, जमलं तर ये. मी गोष्ट छापून पिशवीत घातली आणि गेले. नेमकं काय करायचं ते ठरवलं नव्हतं.

साताऱ्याची गाडी लागते तिथल्या एका खांबाआड मी उभी राहिले. मॅडम दिसेनात. थोड्या वेळानं लक्षात आलं की समोरच चाकांच्या बॅगेशी उभी आहे ती बाई त्याच. केस मानेपर्यंत कापलेले. करडा लांब कोट, स्वारगेटच्या त्या उन्हात. फोनवर इंग्रजी चाललं होतं, "ॲब्सोल्युटली, नो वरीज ॲट ऑल," आणि ते हसणं काचेच्या खोलीतलं होतं. माझं पाऊल उचलेना. आपण आलोच नव्हतो असं करावं, नंतर कळवावं की ट्रॅफिक होता, इथवर माझा विचार गेला.

साताऱ्याची गाडी आली. दार उघडलं. मॅडमनी फोन ठेवून बॅगेची दांडी धरली. तेवढ्यात डोक्यावर बोचकं घेतलेल्या एक म्हाताऱ्या बाई आणि त्यांचे यजमान त्यांच्यापाशी आले.

"ताई, कात्रजची बस कुठं लागती ओ?"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. गाडीकडे पाहिलं. म्हणाल्या, "चला."

आणि कोट सावरत, बॅग खडखडवत त्या निघाल्या. कात्रजच्या बसेस डेपोच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला लागतात. मॅडम निघाल्या होत्या आत, जिथं नादुरुस्त गाड्या उभ्या असतात तिकडे. पाठीमागून ती दोघं विश्वासानं चालली होती.

मी खांब सोडला. "मॅडम! तिकडं नाही!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. एका कंडक्टरनं वळून पाहिलं. मॅडम थांबल्या. वर्षभरानं भेटत होतो; त्यांनी हाय म्हटलं नाही, कशी आहेस विचारलं नाही.

"मग सांग नं लवकर! कुठं आहे कात्रज?"

आम्ही चौघं मिळून बाहेर गेलो. त्या आजी-आजोबांना बसमध्ये चढवून परत येईपर्यंत साताऱ्याची गाडी सुटून गेली होती. रिकाम्या जागेकडे बघत असतानाच मॅडमचा फोन वाजला. "जय भीम ताई," त्या मोकळ्या आवाजात म्हणाल्या. "हो नं. बसलीच आहे."

पुढच्या गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो, त्यांनी कोट काढून मांडीवर घेतला. "उगाच घालून आली. बॅगेत मावत नव्हता."

मी मनाचा हिय्या केला. "गोष्ट खरंच लव्हली होती?"

"कोणती?"

"मी पाठवलेली. पोळीची."

मॅडम जरा चुळबुळल्या. "अगं, तिकडच्या मशीनवर मराठी दिसतच नव्हतं. नुसते चौकोन. सगळी पानं भरून चौकोन."

"म्हणजे वाचलीच नाही?"

"चौकोन कसे वाचू?"

"मग लव्हली का लिहिलंत?"

"आता तू इतक्या आशेनं पाठवली. मला दिसत नाही म्हणून कसं लिहू?"

मी हसायला लागले आणि थांबता येईना. नारायण पेठेतून नदीकडे निघालेल्या त्या ठाम पावलांसारखंच ते उत्तर होतं. इतके महिने मी ते घेऊन भलत्याच दिशेला चालले होते. डोळ्यांतून पाणी आलं तसं बाकावर शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईंनी आपली पिशवी जरा लांब सरकवली.

"मला वाटलं, तुम्ही बदललात," मी म्हणाले.

"एका ओळीवरून?"

"हो."

"सखोपंत आहेस," मॅडम म्हणाल्या. "आधी घरच्याच माणसावर." मग स्वतःच हसल्या. "तिकडे माय, कोणी पत्ताच विचारत नाही. सगळ्यांच्या गाडीत ती बाई बोलते, लेफ्ट घे, राइट घे. मी वर्षभर रस्त्यानं नुसतीच चालली. लिहिलं होतं नं तुला."

लिहिलं होतं. मी पिशवीतून कागद काढून दिले. लाल पेन त्यांच्या पर्समध्ये होतं.

त्यानंतर आमची भेट झालेली नाही. त्या साताऱ्याहून परस्पर नागपूरला गेल्या, तिथल्या कंपनीत लागल्या. माझे कागद अजून जातात आणि लाल होऊन येतात. पण डोळ्यांपुढं राहिलंय ते त्या दिवशीचं. पुढची गाडी आली, मॅडम खिडकीशी बसल्या, लगेच मान खाली घालून वाचायला लागल्या. माझ्याकडे पाहिलंही नाही. इंजिनच्या घरघरीत ऐकू येत नव्हतं, पण टोपण दातांवर वाजताना मला दिसत होतं. गाडी सुरू झाली. इतक्यात खाली उभ्या एका बाईंनी, कडेवर मूल, खिडकीकडे तोंड करून त्यांना काहीतरी विचारलं. मॅडमनी मान वर केली, अर्धवट उठल्या, दाराकडे पाहिलं. कंडक्टरनं तर घंटी मारली होती. मग नाइलाजानं त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. हातानं पत्ता दाखवताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. माझे कागद धरलेला तो हात नादुरुस्त गाड्यांकडे अगदी ठामपणे वळला, आणि गाडी बाहेर पडेपर्यंत तसाच राहिला.

त्या बाईंना हडपसरला जायचं होतं. त्यांना योग्य स्टॉपवर नेऊन सोडायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.